भिंत न फोडता

नखाएवढ्या चिपमध्ये कोट्यवधी भाग असतात. सारा आराखडा तयार झाल्यावर त्यातला एखादाच भाग बदलायचा ठरला, तर काय करायचे? सगळे मोडून पुन्हा मांडायचे, की बाकीच्याला धक्का न लावता तेवढेच नीट करायचे? बंगळूर, हैदराबाद, पुणे, नोएडा इथल्या हजारो घरांतली मुले-मुली आज याच प्रश्नापायी रात्री जागवत आहेत.

घराचे काम संपत आलेले असते. प्लॅस्टर झालेले असते, रंगाचा पहिला हात बसलेला असतो, वास्तुशांतीचा मुहूर्त ठरलेला असतो. अशा वेळी सासूबाई देवघरापुढे उभ्या राहतात आणि म्हणतात, ‘‘अगं, इथे देवापुढे एक छोटा दिवा हवा होता. त्याचं बटण कुठे आहे?’’

बटण नसते. कुणाच्या लक्षातच आलेले नसते. वायरमनला बोलावणे जाते. तो येतो, भिंतीकडे पाहतो, डोके खाजवतो आणि ठरलेले वाक्य म्हणतो, ‘‘वहिनी, हे आधी सांगायचं ना!’’

त्याच्यापुढे दोन वाटा असतात. पहिली वाट म्हणजे सगळ्या घराचे वायरिंग नव्याने आखायचे. नवा नकाशा कदाचित जुन्यापेक्षा थोडा सरसही होईल; पण त्यासाठी साऱ्या खोल्यांच्या भिंती फोडाव्या लागतील. दुसरी वाट म्हणजे शेजारच्या बोर्डात जागा आहे का ते बघायचे आणि तिथून दोन हात पट्टी ओढायची. शहाणा वायरमन दुसरी वाट धरतो. त्याहून शहाणा तो, ज्याने पहिल्याच दिवशी त्या बोर्डात एक जागा मोकळी सोडून ठेवलेली असते.

आता हेच घर नखाएवढे झाले आहे, त्यात खोल्या नाहीत तर लाखो दालने आहेत आणि भिंतींतून कोट्यवधी तारा गेल्या आहेत, अशी कल्पना करा. आपल्या मोबाईलमधली, एटीएममधली, इस्पितळातल्या यंत्रातली चिप ही अशी असते. ती आखणाऱ्या इंजिनिअरांपुढे ‘सासूबाईंचा दिवा’ आयुष्यात एकदा नव्हे, तर प्रत्येक चिपच्या वेळी, आणि एकेका चिपमध्ये अनेकदा येतो. त्यांच्या भाषेत त्याला ‘इंजिनिअरिंग चेंज ऑर्डर’ म्हणतात. बोलताना नुसते ईसीओ. बंगळूरला नोकरी करणारी मुलगी शुक्रवारी रात्री फोनवर सांगते, ‘‘आई, ईसीओ आलाय, उद्या निघता येणार नाही,’’ तेव्हा तिच्यापुढे नेमके काय वाढून ठेवलेले असते, ते आज पाहू या.

नखाएवढे शहर

१९७१ साली इंटेल कंपनीने ४००४ नावाचा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा अतिसूक्ष्म स्विच. चालू किंवा बंद, एवढेच त्याचे काम. फेडेरिको फॅगिन या इटालियन इंजिनिअरने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आराखडा हाताने काढला होता. मोठमोठ्या लाल फिल्मवर पात्याने रेघा कापून त्याचे साचे तयार केले गेले. दोन-अडीच हजार भाग म्हणजे एखाद्या खेडेगावाची वस्ती. कष्टाळू माणूस ती डोक्यात ठेवू शकतो.

१९९३ साली आलेल्या पेंटियममध्ये ट्रान्झिस्टरांची संख्या ३१ लाखांवर गेली. २०२० साली ॲपल कंपनीने आणलेल्या एम-१ या चिपमध्ये ती १,६०० कोटी होती. म्हणजे पृथ्वीवरच्या लोकसंख्येच्या जवळजवळ दुप्पट! एवढी वस्ती एका माणसाच्या काय, हजार माणसांच्याही डोक्यात मावणार नाही. म्हणून जे काम नगररचनाकार करतात तेच इथे करावे लागते. शहराचे विभाग पाडायचे, विभागांचे वॉर्ड करायचे, वॉर्डांच्या गल्ल्या करायच्या. मग प्रत्येक पथकाने आपापला वॉर्ड सांभाळायचा.

पण विभाग पाडायचे कसे? कुठेही रेघ मारून चालत नाही. एकमेकांशी सतत बोलणारे भाग वेगवेगळ्या विभागांत गेले, तर त्यांना जोडणारी तार लांब होते. तार लांबली की निरोप उशिरा पोचतो, वीज जास्त लागते, चिप तापते. म्हणून नियम असा ठरला की विभाग साधारण सारख्या आकाराचे असावेत आणि एका विभागातून दुसऱ्यात जाणाऱ्या तारा कमीत कमी असाव्यात. ऐकायला सोपे. करायला महाकठीण.

तुकडी ‘अ’, तुकडी ‘ब’

किती कठीण, ते पाहायला आपण एका शाळेत जाऊ. एका वर्गात ४० मुले आहेत. मुख्याध्यापिकाबाईंना त्यांच्या २०-२० च्या दोन तुकड्या करायच्या आहेत. अट एकच : मैत्रीच्या जोड्या शक्यतो फुटू नयेत. बाई म्हणतात, सगळे प्रकार करून बघू आणि सर्वांत चांगला निवडू. असे प्रकार होतात किती? सुमारे ६,८९२ कोटी! दर सेकंदाला एक प्रकार तपासला, तरी दोन हजारांहून अधिक वर्षे लागतील. ही झाली ४० मुलांची गोष्ट. चिपमध्ये तर भाग लाखांनी असतात. अशा वाटणीचे अचूक उत्तर झटपट शोधणारी खात्रीची रीत गणितज्ञांना आजवर सापडलेली नाही. हा प्रश्न अत्यंत अवघड प्रश्नांच्या जातकुळीतला आहे, हे १९७६ सालीच सिद्ध झाले आहे.

अचूक उत्तर मिळत नसेल, तर पुरेसे चांगले उत्तर तरी लवकर मिळवावे, या विचाराने अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमधल्या ब्रायन कर्निगन आणि शेन लिन या दोघांनी १९७० साली एक रीत प्रसिद्ध केली. हेच कर्निगन पुढे ‘सी’ या संगणकभाषेवरच्या पुस्तकामुळे जगभरच्या विद्यार्थ्यांना माहीत झाले. दोघांच्या डोळ्यांपुढे तेव्हा होती इलेक्ट्रॉनिक सर्किटांची कार्डे. कुठला भाग कुठल्या कार्डावर बसवावा म्हणजे कार्डांमधल्या तारा कमी होतील, हा त्यांचा प्रश्न.

त्यांची रीत आपल्या शाळेतच पाहू. आधी कशाही दोन तुकड्या करा. मग ‘अ’मधले एक मूल आणि ‘ब’मधले एक मूल यांची अदलाबदल केली तर फुटलेल्या मैत्र्या किती सांधल्या जातील, हे प्रत्येक जोडीसाठी मोजा. सर्वांत जास्त फायद्याची अदलाबदल करा आणि त्या दोन मुलांना ‘आता हलायचे नाही’ म्हणून कुलूप लावा. उरलेल्यांत पुन्हा सर्वोत्तम जोडी शोधा. असे करत जा.

खरी गंमत पुढे आहे. एक वेळ अशी येते की कुठलीही अदलाबदल तोट्याचीच असते. आपण तिथे थांबलो असतो. ही रीत थांबत नाही. सर्वांत कमी तोट्याची अदलाबदल ती करते आणि पुढे जाते. कारण डोंगर चढताना मध्येच उतार लागला म्हणून माघारी फिरलो, तर पलीकडचे उंच शिखर कधीच लागत नाही. शेवटी सगळी मुले बदलून होतात. मग मागे वळून वही बघायची : कितव्या अदलाबदलीनंतर फुटलेल्या मैत्र्या सर्वांत कमी होत्या? तिथवरच्या अदलाबदली ठेवायच्या, नंतरच्या रद्द करायच्या. आणि सुधारणा होत आहे तोवर हा फेरा पुन्हा पुन्हा करायचा.

१९८२ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चार्ल्स फिडुशिया आणि रॉबर्ट मॅथायसिस यांनी या रीतीचा वेग विलक्षण वाढवला. त्यांनी जोडी हलवण्याऐवजी एकेक भाग हलवला आणि टपालकचेरीतल्या खणांसारखी व्यवस्था केली. हलवल्यास किती फायदा, त्यानुसार प्रत्येक भागाची चिठ्ठी त्या-त्या खणात. वरच्या खणातली चिठ्ठी उचलायची, तो भाग हलवायचा आणि फक्त त्याच्या शेजाऱ्यांच्या चिठ्ठ्या बदलायच्या. सगळ्या जोड्या पुन्हा पुन्हा मोजण्याची कटकट गेली.

१९९७ साली मिनेसोटा विद्यापीठातल्या जॉर्ज कॅरिपिस, रजत अग्रवाल, विपिन कुमार आणि शशी शेखर यांनी आणखी एक पाऊल टाकले. चौघांतली तीन नावे भारतीय आहेत, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. त्यांची कल्पना अशी : जिवलग मित्रांची टोळी हे एकच मूल समजा. टोळ्यांच्या मोठ्या टोळ्या करा. मोजक्या टोळ्या उरल्या की त्यांची वाटणी सोपी. मग टोळ्या हळूहळू उकलत जा आणि प्रत्येक पायरीवर किरकोळ दुरुस्त्या करा. मोठमोठ्या सर्किटांची चांगली वाटणी यामुळे थोड्या वेळात होऊ लागली.

वर्षाच्या मध्यावर आलेली मुले

तुकड्या पडल्या. हजेरीपट झाले, बाके ठरली, वर्गशिक्षक नेमले गेले, वेळापत्रक लागले. आणि नोव्हेंबरात वडिलांची बदली झाली म्हणून दोन नवी मुले शाळेत दाखल झाली. आता बाईंनी काय करावे? ४२ मुलांच्या तुकड्या पहिल्यापासून पाडाव्या?

पाडल्या तर एक चमत्कारिक गोष्ट होते. वर सांगितलेल्या रीती फार हळव्या आहेत. सुरुवातीला इवलासा फरक पडला, तरी शेवटचे उत्तर पार वेगळे येऊ शकते. दोन मुलांची भर पडल्याने अर्धा वर्ग इकडचा तिकडे होईल. नवी वाटणी जुन्याइतकीच चांगली असेल, कदाचित एखादी मैत्री जास्तच वाचली असेल. पण सगळे हजेरीपट फाडावे लागतील, सगळी बाके बदलावी लागतील. शाळा आठवडाभर बंद!

चिपच्या बाबतीत हजेरीपट आणि बाके म्हणजे काय? विभाग पाडल्यावर प्रत्येक भागाची नेमकी जागा ठरवलेली असते. तारा ओढलेल्या असतात. प्रत्येक निरोप वेळेत पोचतो की नाही, हे तपासलेले असते. या एकेका कामात अनेक माणसांचे आठवडे आणि महिने गेलेले असतात. विभागांच्या सीमा हलल्या की हे सारे पाण्यात. आणि बदल कुठला? कुठेतरी एक तार उलटी जोडली गेली, एवढाच.

म्हणून ‘थोड्या बदलासाठी वाटणी’ या विषयाचा वेगळा अभ्यास सुरू झाला. २००० साली जेसन काँग आणि माजिद सर्राफजादे या संशोधकांनी एका निबंधात याच गरजेकडे लक्ष वेधले. चिपची रचना एका दमात होत नाही, ती सतत बदलत-सुधारत होते. तेव्हा आखणीच्या रीतीही बदल पचवणाऱ्या हव्यात, असा त्यांचा रोख होता.

या रीतींचे मर्म तीन गोष्टींत आहे. पहिली, कोऱ्या कागदापासून सुरुवात करायची नाही. जुनी वाटणी हीच सुरुवात. दुसरी, जिथे बदल झाला तिथले भाग आणि त्यांचे निकटचे शेजारी एवढ्यांचीच कुलपे काढायची. बाकी सारे शहर जागच्या जागी बंद. प्रश्न तेवढ्यात सुटला नाही, तर वर्तुळ एका कड्याने मोठे करायचे, आणखी लागले तर आणखी एका कड्याने. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : हिशेब बदलायचा. पूर्वी फक्त तुटलेल्या तारा मोजत होतो. आता हलवलेल्या प्रत्येक भागामागे दंड बसवायचा. एक तार वाचवण्यासाठी पन्नास भाग हलवावे लागणार असतील, तर ती तार वाचवायची नाही.

आपल्या बाईही हेच करतील. नव्या मुलाचा चुलतभाऊ ‘ब’मध्ये आहे ना, मग त्याला ‘ब’मध्ये घालू. मुलगी ‘अ’मध्ये जाईल. ‘ब’चा वर्ग भरलाच असेल, तर कडेच्या एखाद्या मुलाला विचारून तेवढे हलवू. संपले काम. दुसऱ्या दिवशी पहिला तास वेळेवर.

रात्रीची पैज

हा फरक कामाच्या जागी केवढा पडतो, याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. चिप कारखान्यात जाण्याआधी तिची तालीम घ्यावी लागते. त्यासाठी एफपीजीए नावाच्या खास चिप वापरतात. त्यांच्या अंतर्गत जोडण्या पुन्हा पुन्हा बदलता येतात, त्यामुळे अजून जन्माला न आलेल्या चिपचे सोंग त्या वठवू शकतात. पण मोठी चिप एका एफपीजीएत मावत नाही. ती अनेकींत वाटून द्यावी लागते आणि प्रत्येकीला बाहेर जाणाऱ्या पायांची, म्हणजे पिनांची, मर्यादा असते. पुन्हा तोच वाटणीचा प्रश्न.

संध्याकाळी तालमीत चूक सापडते. इंजिनिअर ती दोन ओळींत सुधारतो. आता सारी वाटणी नव्याने केली, तर प्रत्येक एफपीजीएच्या जोडण्या नव्याने बसवाव्या लागतात; यंत्र रात्रभर चालत राहते आणि सकाळी कळते की दुसरीकडे काही बिघडले. वाटणी जुनीच ठेवून बदल एकाच एफपीजीएत कोंडता आला, तर तेवढीच एक पुन्हा तयार करायची. मग त्याच रात्री दुसरी, तिसरी चूकही शोधता येते. चिप कारखान्याकडे धाडायची तारीख जवळ आलेली असताना अशी वाचलेली रात्र फार मोलाची असते.

पाच रिकामी घरे

आणि चूक वेळेत सापडली नाही तर? त्याची कहाणी जगाने १९९४ साली पाहिली.

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्ग कॉलेजात टॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. मूळ संख्यांवरचे त्यांचे गणित पेंटियमच्या संगणकावर चुकत होते. आपलेच काही चुकत असेल म्हणून त्यांनी महिनोन्‌महिने सगळे तपासून पाहिले. अखेर दोष चिपच्या भागाकारात आहे अशी खात्री झाल्यावर त्यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये इतरांना कळवले. पुढे एक उदाहरण प्रसिद्ध झाले : ४१,९५,८३५ भागिले ३१,४५,७२७. खरे उत्तर १.३३३८२ असे सुरू होते. सदोष पेंटियम १.३३३७३ असे सांगे.

कारण काय होते? भागाकार जलद व्हावा म्हणून चिपमध्ये एक तक्ता कोरलेला होता, आपण पाढे पाठ करतो तसा. इंटेलच्याच खुलाशाप्रमाणे त्या तक्त्यातली पाच घरे भरायची राहून गेली होती. एकतीस लाख ट्रान्झिस्टरांत पाच घरे!

दुरुस्ती आराखड्यात फारशी मोठी नव्हती. तक्ता आपल्या कोपऱ्यात होता. तो नीट भरायला चिपचे बाकीचे विभाग उलटेपालटे करण्याचे कारण नव्हते. पण तोवर चिप लोकांच्या घरी पोचल्या होत्या. तिथे कुठलेही कुलूप काढता येत नाही. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनाच चिप बदलून देऊ, असे कंपनी आधी म्हणाली, लोक संतापले, २० डिसेंबर १९९४ रोजी मागेल त्याला बदलून देण्याचे तिने जाहीर केले. जानेवारी १९९५ मध्ये कंपनीने या प्रकरणापोटी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च मांडला.

या पेंटियमच्या निर्मितीत ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, ते विनोद धाम पुण्यात जन्मलेले आणि दिल्लीत शिकलेले. त्या काळात अनेक भारतीय घरांत ही चिप आपल्या माणसाची म्हणून अभिमानाचा विषय होती. चूक झाली म्हणून पेंटियमचे थोरपण गेले नाही. पण सगळ्या चिप-उद्योगाने एक धडा पक्का गिरवला. तीच चूक कागदावर सापडली तर खोडरबराने पुसली जाते, कारखान्यात सापडली तर महिने घेते आणि ग्राहकाच्या घरी सापडली तर कोट्यवधी गिळते.

शिवणीतली माया

म्हणून आजचा इंजिनिअर बदल येईल का, असे विचारत नाही. बदल येणारच, कुठे येईल एवढेच ठाऊक नाही, असे धरून चालतो. आणि इथे त्याची युक्ती थेट आपल्या शिंप्याच्या दुकानातली आहे.

चांगला शिंपी ब्लाउज शिवताना शिवणीच्या आत थोडे कापड जादा ठेवतो. त्याला आपण ‘माया’ म्हणतो. मुलगी वाढते, अंगाने भरते. माया उसवली की ब्लाउज पुन्हा बसतो. नवे कापड नको, नवा बेत नको. चिपचा आराखडा करतानाही असेच करतात. काही जादा भाग, ज्यांना आज काहीच काम नाही, चिपभर विखरून ठेवतात. ते आयुष्यभर नुसते बसून राहतील अशीच शक्यता जास्त. पण उद्या एखाद्या गल्लीत चूक निघाली, तर तिथल्याच जवळच्या जादा भागाला तार जोडून कामाला लावता येते.

याचा फायदा कळायला चिप कशी बनते ते थोडे पाहायला हवे. चिप थरांवर थर चढवून बनते. तळाशी ट्रान्झिस्टर, वर धातूच्या तारांचे थर. प्रत्येक थरासाठी मास्क नावाचे साचे लागतात आणि अद्ययावत चिपच्या साच्यांचा संच कोट्यवधी रुपयांचा असतो. तळचा ट्रान्झिस्टर नवा बसवायचा तर तळापासून सारे नव्याने. पण जादा भाग आधीच तळाशी बसलेला असेल, तर फक्त वरच्या तारांचे काही साचे बदलले की भागते. एवढेच नव्हे, तर तळचे थर चढवून झालेल्या अर्ध्या तयार चकत्या कारखान्यात राखून ठेवल्या असतील, तर त्यांच्यावरच नव्या तारा ओढता येतात आणि आठवडे वाचतात.

मात्र माया किती ठेवायची, हा अनुभवाचा भाग. फार ठेवली तर शिवण जाड होते, अंगाला टोचते; चिपमध्ये जागा आणि पैसा वाया जातो. कमी ठेवली तर ऐन वेळी उपयोग नाही. आणि सगळी माया एकाच कोपऱ्यात ठेवून तर मुळीच चालत नाही. ती प्रत्येक शिवणीत हवी. म्हणजे वाटणी करतानाच प्रत्येक विभागात थोडी मोकळी जागा राखायची. विभाग काठोकाठ भरलेला असेल, तर नव्याने आलेल्या एका भागासाठी जुन्याला बाहेर काढावे लागते, त्याच्यासाठी आणखी कुणाला, आणि धक्का साऱ्या शहरभर पोचतो.

ठिगळावर ठिगळ

इथे एक प्रामाणिक शंका येते. नेहमी कमीत कमी हलवायचे म्हटले, तर शेवटी ठिगळावर ठिगळ लागणार नाही का?

लागते. दहा ईसीओ झाले की पहिली सुबक वाटणी ओळखू येत नाही. कुठली तरी तार वळसे घेत जाते, कुठला तरी विभाग गच्च होतो. प्रत्येक दुरुस्ती एकटी पाहिली तर योग्यच होती. पण सगळ्यांची बेरीज जड झालेली असते. आपल्या जुन्या वाड्यांचे असेच होत नाही का? एकदा माडी चढवली, एकदा पडवी बंद केली, एकदा ओसरीत न्हाणी काढली. एक दिवस घरातला वडीलधारा म्हणतो, आता डागडुजी पुरे, पाडून नव्याने बांधू.

ती वेळ ओळखणे हे यंत्राला पुरते साधत नाही. संगणकाचा कार्यक्रम दोन आकडे पुढे ठेवतो : नव्याने मांडले तर किती सुधारेल आणि त्यासाठी किती मोडावे लागेल. निर्णय माणसाचा. आराखडा कच्चा असताना मोडणे स्वस्त असते, तेव्हा खुशाल नव्याने मांडावे. चिप कारखान्याकडे निघायच्या दिवशी, ज्याला ‘टेप-आउट’ म्हणतात त्या दिवशी, सुंदर पण नव्या वाटणीपेक्षा जुनी आणि तपासलेली वाटणी लाखपटीने बरी. नव्या मांडणीबरोबर नव्या चुकाही येतात, हे अनुभवी माणसाला ठाऊक असते.

१९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकन कंपनी चिपच्या आराखड्याचे काम घेऊन बंगळूरला आली, तेव्हा हा व्यवसाय आपल्याकडे फार थोड्यांना माहीत होता. आज जगातल्या चिप आखणाऱ्या इंजिनिअरांपैकी सुमारे २० टक्के भारतात आहेत, असे सरकार सांगते. म्हणजे आपल्या नात्यागोत्यात, शेजारीपाजारी असे एखादे तरी पोर असणारच. ते नेमके काय करते, हे त्याला सांगता येत नाही आणि आपल्याला विचारता येत नाही.

आता विचारता येईल. पुढच्या शुक्रवारी रात्री मुलीचा फोन आला आणि ती म्हणाली, ‘‘आई, ईसीओ आलाय,’’ तर रागावू नका. एवढेच विचारा, ‘‘भिंत फोडावी लागणार आहे, की शिवणीत माया आहे?’’

ती क्षणभर गप्प होईल. मग हसून म्हणेल, ‘‘आहे गं थोडी. रविवारी सकाळी पोचते.’’